कंडक्टरचा उतार

आमच्या गल्लीत कुणी गाडी सुरू करायला लागलं, की महादेवअण्णा आपल्या कट्ट्यावरून हाक मारायचे, "खाली बघितलंस का?" माझी स्कूटर असो, समोरच्या दुकानाचा टेंपो असो, नाही तर लग्नाला आलेल्या पाहुण्यांची मोटार असो, वाकून खाली बघितल्याशिवाय चाक हलवायचं नाही हा त्यांचा कायदा. पाहुणे बिचारे गोंधळायचे. तेल गळतंय की काय म्हणून वाकायचे, काहीच दिसलं नाही म्हणून वर यायचे आणि अण्णांकडे बघायचे. अण्णा समाधानानं मान हलवायचे. "न्हाई न्हवं कोण? मग सोड आता."

मी या माणसाला शेजारी म्हणून ओळखायला लागले त्याच्या कितीतरी आधी त्यांची पाठ ओळखत होते. बेळगावला नोकरी लागली आणि निपाणीहून रोजचं जाणं-येणं सुरू झालं. सकाळच्या बसवर चालक बहुतेक अण्णाच असायचे. खाकी शर्ट, मानेवर पंचा आणि गिअर टाकताना जरा खाली झुकणारा डावा खांदा. मी चालकामागच्या बाकावर बसून डुलक्या काढायची. रोज प्रवास करणाऱ्या माणसाला झोप कुठंही लागते, फक्त घरी लागत नाही.

गाडी सुटायच्या आधी अण्णा खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारत. चारही बाजूंनी वाकून बघत, पत्र्यावर दोन थापा मारत आणि मग वर चढत. आम्हाला ऑफिस गाठायचं असायचं. मागून कुणीतरी कुरकुरायचं, "अण्णा, पूजा झाली असली तर निघूया की." अण्णा उत्तर द्यायचे नाहीत. स्टँडवरची कुत्री रात्रभर उंडारून सकाळी सावलीला गाडीखाली येऊन निजतात, हे ते कुणाला समजावत बसले नाहीत.

त्यांच्या बोलण्यातलं एकच वाक्य त्या काळात माझ्या कानांवर वरचेवर पडलं. संध्याकाळी परत येताना तवंदीचा घाट उतरला की निपाणी. सगळे दमलेले आणि घर समोर दिसायला लागलेलं. एखादा तरणा मुलगा पुढं येऊन म्हणायचा, "अण्णा, उतार हाय, सोडा की गाडी." अण्णा रस्त्यावरची नजर न काढता म्हणायचे, "चढ गाडी चढती रं. उतार डायवर उतरतो." आणि गाडी आपली गिअरमध्ये, घुमत, कण्हत खाली यायची. घाटात त्यांचा पाय सारखा क्लचवर नाही तर ब्रेकवर. ते दोन्ही गुडघे पुढं कसे झाले असतील, हे सांगायला वैद्य नको.

अशाच एका सकाळी फेरी मारताना मागच्या चाकाला टेकून निजलेलं एक पिल्लू त्यांना मिळालं. मातकट रंगाचं, कानाच्या मानानं डोकं लहान. अण्णांनी ते उचलून चहाच्या गाड्याजवळ ठेवलं. दुसऱ्या दिवशी परत तिथंच, त्याच चाकाला टेकून. पुढं पुढं ते रोजचंच झालं. शेवटी एकदा अण्णांनी ते वर घेतलं आणि आपल्या शेजारच्या इंजिनाच्या झाकणावर पोत्याची घडी करून त्यावर ठेवून दिलं. झाकण कोमट, पिल्लाला झकास झोप लागली. तिकिटं फाडत कंडक्टर पुढं आला आणि म्हणाला, "अण्णा, ह्येचं तिकीट?"

"तिकीट कशाचं? नवीन कंडक्टर हाय त्यो," अण्णा म्हणाले.

गाडीतली माणसं हसली. सकाळच्या गाडीत माणसं हसलेली मी फारशी पाहिलेली नाहीत, म्हणून लक्षात राहिलं. पिल्लाचं नाव कंडक्टर पडलं ते पडलंच.

आम्ही घर घेतलं ते योगायोगानं त्यांच्या शेजारी. तोवर अण्णा निवृत्त झाले होते आणि कंडक्टर चांगला दांडगा कुत्रा झाला होता. नावाला जागून तो अण्णांच्या दारात बसायचा आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला हुंगून सोडायचा. डेपोतल्या माणसांत वाढल्यामुळं त्याला कानडी कळायची. म्हणून अण्णा घरात मराठी बोलायचे आणि कुत्र्याशी कानडी. 'बा' म्हटलं की यायचं, 'निल्लु' म्हटलं की थांबायचं, 'मेल्लगे' म्हणजे हळू, घाई करायची नाही. अण्णांच्या बायकोला आम्ही सगळे आक्का म्हणायचो. आक्का म्हणायच्या, "माझ्यासंगं बोलायला ह्यांस्नी एक भाषाबी गावत न्हाई आणि कुत्र्यासंगं बोलायला दोन हायत."

आक्का विड्या वळायच्या. लग्नाच्या आधीपासून वळत होत्या. सोप्यात दाराशी उजेडाला बसायचं, मांडीवर सूप घ्यायचं, सुपात पानं, तंबाखू आणि दोरा. बोटं आपोआप चालायची आणि तोंड अण्णांवर चालायचं. कंडक्टर पलीकडच्या कोपऱ्यात पडून असायचा. आक्कांजवळ कधी यायचा नाही. भाकरी त्या टाकायच्या, पाणी त्या ठेवायच्या, पण त्या सूप घेऊन बसल्या की हा उठून लांब जाणार. आक्कांच्या मनाला ते लागायचं. "खायाला माझ्या हातचं आणि शेपूट हलवायला ह्येंच्या म्होरं," त्या मला एकदा म्हणाल्या. "सवतीचं पोरबी इतकं परकं वागत न्हाई गं." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

अण्णांचं घर उंच जोत्यावर आहे. जुन्या काळी गल्लीतलं पाणी घरात शिरायचं, म्हणून त्यांच्या वडलांनी जोतं माणसाच्या कंबरेइतकं चढवलेलं. दारापुढं दगडी पायऱ्या, उंच उंच आणि मधोमध झिजलेल्या. खाली लहानसं अंगण आणि अंगणात आक्कांचा धुण्याचा दगड. कंडक्टर त्या पायऱ्या कधी मोजून चढला नव्हता. एका उडीत वर, एका उडीत खाली.

मग एकदा मी कामावरून आले तर तो खालच्या पायरीपाशी नुसता उभा होता. वर बघत होता. मला वाटलं, कुणाची वाट बघतोय. अण्णा वरून म्हणाले, "थकलाय." त्याचे मागचे पाय बसले की लवकर उठायचे नाहीत, उठले की थरथरायचे. चढताना पुढचे पाय वरच्या पायरीवर जायचे आणि मागचं धड खालीच राहायचं.

अण्णा त्याला उचलायला लागले. एक हात छातीखाली, एक हात मांड्यांखाली. सकाळी खाली न्यायचं, उरकलं की वर आणायचं. दुपारी, संध्याकाळी, परत तेच. कुत्रा काही लहान नव्हता आणि अण्णांचा डावा गुडघा काही धड नव्हता. पण कंडक्टरनं घरात कधी केलं नव्हतं आणि म्हातारपणी करायची त्याची तयारी नव्हती. अण्णांना उठायला उशीर झाला तर तो दाराशी जाऊन उभा राहायचा, कण्हायचा नाही, भुंकायचा नाही, नुसता थरथरत उभा. मला ते बघवायचं नाही. मी कामाला जाताना बघून जायची आणि गाडीत बसल्यावर झोप यायची नाही.

व्हायचं तेच झालं. एका सकाळी मधल्या झिजक्या पायरीवर अण्णांचा पाय सरकला आणि दोघंही खाली आले. अण्णांनी कुत्र्याला सोडलं नाही, म्हणून कोपर फुटलं. आम्ही धावलो. कंडक्टर त्यांच्या पोटावर पडून त्यांचं तोंड चाटत होता. आक्का दारात उभ्या होत्या, हातात सूप तसंच. त्या ओरडल्या नाहीत. फार दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "आज उठलासा. उद्या दोघंबी पडून ऱ्हाशिला. मी कुणाकुणाला उचलू?"

आम्ही आधी कुत्र्याला आणि मग अण्णांना उठवलं.

अण्णांनी रिक्षा करून त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. सोबत मी गेले, कारण अण्णांना आता काही उचलू द्यायचं नव्हतं. डॉक्टर चांगले होते. खुब्यांत झीज आहे, गोळ्यांनी दुखणं कमी होईल, पाय परत येणार नाहीत, असं म्हणाले. पायऱ्या आणि उड्या बंद. रॅम्प करता आला तर करा, म्हणजे फळीचा उतार, तो स्वतःहून वर-खाली करेल. अण्णांनी विचारलं, "आणि न्हाईच जमलं तर?" डॉक्टरांनी जरा वेळ कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवला. म्हणाले, "उचलायला माणूस नाही, आणि त्याला तर घरात करायचं नाही. तसे त्याचे हाल व्हायला लागले, तर या. इंजेक्शन असतं. त्याला कळणार नाही."

परत येताना अण्णा रिक्षात कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाले, "इतकं चढलोय, उतरलोय जन्मभर. एक फळी लावायला ईना व्हय मला?"

तोवर मी आणि समोरचा टेंपोवाला मिळून कुत्र्याला कसंबसं वर-खाली करत होतो, पण ते रोजचं चालणार नव्हतं. पहिला उतार अण्णांनी जुन्या कॉटच्या फळ्या जोडून केला. तो इतका उभा झाला, की त्यावरून मीसुद्धा चढले नसते. अण्णांनी लांबून बघितलं आणि स्वतःच म्हणाले, "तवंदीपेक्षा वंगाळ झाला ह्यो." उतार सौम्य करायचा तर लांब हवा आणि लांब केला तर तो थेट आक्कांच्या धुण्याच्या दगडावर येणार. हे आक्कांना सांगायची अण्णांची छाती झाली नाही. त्यांनी नुसती दोरी धरून दारापासून दगडापर्यंत माप घेतलं आणि ती तिथंच ठेवून दिली. आक्कांनी दोरी बघितली. "मग मी कुठं धुवायचं? त्याच्या टकुऱ्यावर?" त्या म्हणाल्या. दिवसभर भांडी आपटली. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले, तर दगड परसात गेला होता. समोरच्या टेंपोवाल्याला आणि त्याच्या भावाला बोलावून आक्कांनीच तो हलवून घेतला होता. परसात ऊन येत नाही, पाणी लांबून आणावं लागतं. त्याबद्दल त्या पुढं कधी काही बोलल्या नाहीत, आणि न बोलणं हा आक्कांचा स्वभाव नव्हे.

उतार झाला. लांब, पसरट, दोन्ही कडांना पट्ट्या, पाय बाहेर जाऊ नये म्हणून. कंडक्टरनं वास घेतला, पुढचा पाय ठेवला, आणि गुळगुळीत फळीवर पाय सर्रकन मागं आला. अण्णा म्हणाले, "टायर झिजून गोटा झाल्यात. रस्ता खरखरीत पायजे." म्हणून त्यावर बारदान ठोकायचं ठरलं. निपाणीत बारदानाला तोटा नाही. तंबाखूच्या वखारीतून रिकामी पोती घरोघरी येतात. दारात पायपुसणं तेच, पावसात डोक्यावर तेच, झाकायला, अंथरायला, बांधायला तेच. अण्णांनी दोन-तीन पोती उसवून उतारावर ताणून बसवली, खिळे ठोकले. छान खरखरीत झालं. गल्लीतल्या सगळ्यांनी हात लावून बघितलं आणि पसंती दिली.

कंडक्टरला मात्र ते पसंत नव्हतं. आधी निदान पाय तरी ठेवला होता, आता तो जवळसुद्धा जाईना. नाक खाली न्यायचा आणि झटका बसल्यासारखी मान फिरवून मागं सरायचा. अण्णांनी भाकरीचे तुकडे ठेवले. मटणाचं हाड ठेवलं. मी बिस्किटं आणली. अण्णांनी खालून हाका मारल्या, वरून हाका मारल्या, कानडीत, मराठीत. तो आपला पायरीपाशी जाऊन उभा राहायचा, जिच्यावर चढणं आता शक्य नव्हतं तिच्यापाशी. "भ्यालाय," अण्णा म्हणाले. "एकदा पाय घसरला न्हवं. मी त्येला पाडलं, आता त्येचा माझ्यावर इस्वास न्हाई." गल्लीनं आपापला सल्ला दिला. कुणी म्हणालं उतार अजून लांब हवा, कुणी म्हणालं रंग लावा, कुणी म्हणालं अण्णा, वय झालंय त्याचं, कशाला हाल करताय दोघांचे. आक्कांनी सोप्यातून एकदा विचारलं, "डाक्टरकडं कदी जायाचं ठरवलंय?" अण्णांनी ऐकू न आल्यासारखं केलं. त्या वेळी अण्णांच्या तोंडाकडे बघितलं असतं, तर कुणालाही कळलं असतं की हा माणूस हरायला आला आहे.

त्या रविवारी त्यांची मुलगी शोभा आली. तिला बेळगावजवळच्या कंग्राळीत दिलेली. सासरी शेती, नवरा शहरात नोकरीला आणि ती दोन्हीकडं बघणारी. ती आली की बापाला तिकडं येऊन राहा म्हणून सांगायची आणि बाप "बघूया" म्हणायचा. त्या दिवशी ती अंगणात शिरली, उतार बघितला, कौतुकानं वाकली आणि सटासट शिंकायला लागली. एक, दोन, थांबेचना. डोळे पुसत म्हणाली, "अण्णा, काय हो ह्ये? केवढी तंबाखू ह्यात. नाकात आग झाली."

अण्णा म्हणाले, "कुठली तंबाखू? पोती रिकामी हायत की."

मी वाकून हुंगलं. मला काही वास आला नाही. टेंपोवाल्यानं हुंगलं. त्यालाही नाही. आम्ही सगळे त्या उताराभोवती वाकून हुंगत होतो आणि शिंकत होती एकटी शोभा. तिनं बारदानावर एक थाप मारली, तर तपकिरी धूळ उडाली. जन्मभर तंबाखूच्या गावात राहून आमची नाकं मेली होती. आम्हाला तो वास वासच वाटत नव्हता. कुत्र्याचं नाक मात्र जिवंत होतं आणि ते नाक आम्ही त्या धुळीत घालायला सांगत होतो.

अण्णा मटकन कट्ट्यावर बसले. हसायला लागले, आणि हसता हसता पंच्यानं डोळे पुसले. मग शोभाकडं बघून म्हणाले, "तुला वास यायला लागला म्हंजे तू आता हिथली ऱ्हायली न्हाईस गं." शोभाचं तोंड उतरलं. ती नाक पुसत राहिली.

आक्का मात्र वेगळ्याच विचारात होत्या. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हाताला तंबाखूची तपकिरी धूळ लागलेली. हळूच मला म्हणाल्या, "मीना, म्हंजे त्यो मला न्हवता टाळत. सुपाला टाळत हुता." मी म्हटलं, "व्हय आक्का." त्या आत गेल्या. आतून बराच वेळ पाणी ओतल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा लुगडं बदललं होतं, हात कोपरापर्यंत धुतले होते. पायरीशी उभ्या असलेल्या कंडक्टरजवळ त्या गुडघे धरत धरत बसल्या आणि त्यानं, काही विशेष घडत नसल्यासारखं, आपलं जड डोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. आक्का तशाच बसून राहिल्या. मला तिथून निघून जावंसं वाटलं आणि निघवेना.

बारदान उसवलं. फळ्या सोड्यानं घासून धुतल्या, उन्हात वाळवल्या. शोभानं पुढच्या खेपेला सासरचं एक जुनं घोंगडं आणलं, काळं, जाडंभरडं, पायाला टोचणारं. ते ठोकलं. कंडक्टरनं हुंगलं. शेतातल्या मेंढरांचा वास त्याला आवडला असावा, कारण तो अण्णांकडं न बघताच चालू लागला आणि दारात जाऊन आपल्या जागी बसला. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. अण्णांनी वाजवल्या नाहीत. म्हणाले, "चढलाय. उतरू दे, मग बोलूया."

बरोबर होतं त्यांचं. वर गेलेला कुत्रा खाली यायला तयार होईना. वरून तो उतार त्याला कड्यासारखा दिसत असावा. मागच्या पायांचा भरवसा नाही, सगळं वजन पुढं जाणार. दाराशी येऊन तो थांबायचा, पुढचे पाय फळीवर टेकवायचा आणि परत घ्यायचा.

मग अण्णांनी जे केलं ते मी पुढं रोज बघितलं. ते उतारावर त्याच्याकडं तोंड करून उभे राहिले, पाठ अंगणाकडं. उजवा हात पुढं केला, तळवा वर, कुत्र्याच्या हनुवटीखाली. डाव्या हातानं कडेची भिंत धरली. आणि उलटं पाऊल टाकत एक एक पाऊल मागं सरायला लागले. "बा. मेल्लगे. मेल्लगे." कंडक्टरनं त्यांच्या डोळ्यांवरची नजर हलवली नाही. अण्णा मागं आणि तो पुढं, असे दोघं खाली आले. खाली आल्यावर अण्णांचा डावा पाय थडथडत होता. कुत्र्याचे मागचे दोन्ही. बाजूच्या जास्वंदीला जाऊन कंडक्टरनं लगेच पाय वर केला, म्हणजे करायचा प्रयत्न केला, तोल गेला, म्हणून तसाच उभ्यानं मोकळा झाला. अण्णा तिकडं पाठ करून उभे राहिले. त्याला लाज वाटू नये म्हणून.

रोज तेच. पावसात डोक्यावर प्लास्टिकचा कागद बांधून, थंडीत कानाला पंचा बांधून. गल्लीतली पोरं हसायची, "अण्णा रिव्हर्स घेत्यात." अण्णा म्हणायचे, "घ्याच लागतंय." एकदा संध्याकाळी कामावरून येऊन मी कुंपणाशी टेकले होते. दोघं नुकतेच खाली आले होते. मी म्हटलं, "दमत नाही का हो अण्णा तुम्ही?" त्यांनी पंच्यानं मान पुसली. म्हणाले, "दमतोय की. लई दमतोय. पर मी दमलोय म्हणून त्येनं अडवून धरायचं का?" त्यात काही मोठं सांगितल्याचा आव नव्हता. मलाही तेव्हा बसचा उशीर, घरचं जेवण, दुसऱ्या दिवसाची गाडी एवढंच डोक्यात होतं.

त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांचं मात्र ते काही करत नव्हते. कुत्रा सोबत नसला, की अण्णा उताराला हात लावायचे नाहीत. शेजारच्या दगडी पायऱ्यांवरून आडवे होत, भिंत धरत उतरायचे. मी म्हणायची, "उतारावरनं या की." तर म्हणायचे, "ते त्येचं हाय."

कंडक्टर गेला तो एका रविवारी भर दुपारी, दारातल्या आपल्या जागेवर. सकाळी अण्णांच्या तळव्यावर हनुवटी ठेवून खाली आला होता, आपल्या पायांनी वर गेला होता. आक्का विड्या वळायच्या ठेवून त्याच्याजवळ बसल्या होत्या. त्यांनीच हाक मारली. आम्ही त्याला परसात पुरलं. आक्का रडल्या, अण्णा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला दार उघडलं आणि अण्णा दारात येऊन उभे राहिले. बऱ्याच वेळानं आत गेले.

उतार तसाच राहिला. आक्का म्हणाल्या, दगड परत पुढं आणूया. अण्णा म्हणाले, आणूया. पण आणला नाही. घोंगडं विटलं, पावसानं कडा फाटल्या. अण्णा तरीही पायऱ्यांवरूनच उतरत होते, आधीपेक्षा जास्त आडवे होऊन. मग एकदा ते घरातल्या घरात पडले, न्हाणीघरात. बेळगावच्या डॉक्टरांनी गुडघ्याबरोबर कंबरही गेल्याचं सांगितलं. शोभा आली ती ठरवूनच. कंग्राळीचं घर जमिनीलगत आहे, पायरी नाही, माणसं हाताशी आहेत. आक्कांनी विरोध केला नाही. मला म्हणाल्या, "मला आता कुणाला उचलायला व्हईत न्हाई गं. माझं हात संपल्यात." अण्णा 'बघूया' म्हणाले नाहीत.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या कट्ट्यावर जाऊन बसले. अण्णा परसाच्या दिशेनं बघत म्हणाले, "त्येला हितनं हलवला न्हाई मी. शेवटपातूर आपल्या दारातनं आला-गेला. तेवढं जमलं." मी हो म्हटलं. कुत्र्याला जे मिळवून दिलं ते यांना मिळणार नव्हतं, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

सकाळी शोभाच्या नवऱ्यानं गाडी दारात आणली. सामान गेलं. आक्का पायऱ्या उतरून गाडीत जाऊन बसल्या, मांडीवर सूप घेऊन. अण्णा दारात आले, पायरीकडं बघितलं आणि उभेच राहिले. पाय उचलेना. जावई पुढं झाला, त्यांनी हातानं त्याला थांबवलं. मग ते हळूहळू वळले आणि उतारावर आले.

सरळ आले नाहीत. त्या उतारावरून ते कधी सरळ उतरलेच नव्हते. तोंड घराकडं, पाठ आमच्याकडं, डावा हात भिंतीला. एक एक पाऊल मागं टाकत ते खाली येऊ लागले, आणि त्यांचा उजवा हात नेहमीसारखा पुढं धरलेला होता, तळवा वर. ओठ हलत होते. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. "मेल्लगे. मेल्लगे."

खाली आल्यावर जावयानं त्यांना धरून गाडीत बसवलं, दार लावलं, गाडी सुरू केली. अण्णांनी काचेवर टकटक केलं. काच खाली झाली. त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं. "मीना, मला वाकाय येत न्हाई. खाली बघ जरा."

मी रस्त्यावर गुडघे टेकले आणि वाकून बघितलं. पुढच्या चाकांशी बघितलं, मागच्या चाकांशी बघितलं. उठायला मला जरा वेळ लागला.

"कोण न्हाई, अण्णा."

"बरं," ते म्हणाले. मग जावयाला म्हणाले, "सोड आता."